मठपतीबाईंची मान्यता

मठपतीबाई खोलीत शिरल्या की आधी खुर्च्या हलवायच्या. दोन खुर्च्या समोरासमोर दिसल्या तर त्यातली एक किंचित तिरकी करायच्या. म्हणायच्या, "अगदी समोर बसवलं की माणसाला फौजदारापुढं आल्यागत वाटतंय. जरा खिडकीकडं बघायला जागा ठेवा की."

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या आमच्या कॉलेजात समुपदेशनाचा पदव्युत्तर पदविका वर्ग त्यांनी एकटीनं उभा केला होता. समुपदेशन हा शब्दही तेव्हा लोकांना नवा होता. स्टाफरूममध्ये त्याला 'रडक्यांचा वर्ग' म्हणत. बाईंच्या कानावर ते गेलेलं होतं, पण त्या कधी काही बोलल्या नाहीत. मूळ गाव अक्कलकोटकडचं, लग्न केलेलं नाही, बाळीवेशीत भाड्याची खोली. घरी कन्नड, वर्गात मराठी, आणि राग आला की दोन्ही बंद.

आम्ही विद्यार्थी मोजकेच. मी शाळेतली मास्तरीण, सुट्टी टाकून आलेली. दत्ता तर कुर्डुवाडीची रेल्वेतली कारकुनी सोडून आला होता. त्याच्या वडिलांनी त्यावरून त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

वर्गाला विद्यापीठानं तात्पुरती परवानगी दिली होती. पुढं समिती येऊन पाहणार होती. शिकवायला किमान दोन प्रशिक्षित शिक्षक आहेत का, पुस्तकं आहेत का, विद्यार्थी खऱ्या माणसांशी बोलतात तेव्हा त्यांच्यावर जाणत्याची नजर असते का. यात उतरलो तर मान्यता. नाहीतर आमच्या पदविकेला कुठलीच शाळा, कुठलाच दवाखाना विचारणार नव्हता.

दत्तानं एकदा विचारलं, "बाई, तुम्ही एवढं चांगलं शिकवता. मग त्यांच्या शिक्क्याचं एवढं काय?"

बाई म्हणाल्या, "डॉक्टरच्या दारावरची पाटी बघून आपण अंगावरचा कपडा बाजूला करतो की नाही? तुझ्यापुढं तर माणूस मन उघडं करणार. त्याला तू कोण, कुठला, काय ठाऊक? पाटीवर भरवसा ठेवून येतोय बिचारा. ती खरी नको?"

समिती आली त्या दिवशी प्राचार्यांनी पुण्याहून एका गृहस्थांना आणून बसवलं होतं. कागदोपत्री ते आमचे दुसरे शिक्षक. आम्ही त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. समितीचे अध्यक्ष वयस्क, मृदू बोलणारे होते. पुस्तकं पाहून झाली, आमच्याशी बोलून झालं. त्यांना वर्ग आवडला होता, हे चेहऱ्यावर दिसत होतं. उठता उठता त्यांनी पुण्याच्या गृहस्थांना सहज विचारलं, "आपण कुठले विषय घेता?"

गृहस्थांनी प्राचार्यांकडं पाहिलं. प्राचार्य तोंड उघडणार एवढ्यात बाई म्हणाल्या, "ते पाहुणे आहेत, साहेब. वर्गावर मीच असते. मी एकटीच."

 अध्यक्षांनी चष्मा काढून हातात धरला. "बाई, हे तुम्ही बोलला नसतात तर..." एवढंच म्हणाले ते.

मान्यता नाकारली गेली. वर्ग बंद करावा, असा निर्णय आला. बाईंनी तो आम्हांला स्वतः वाचून दाखवला. दत्ता उभा राहिला. म्हणाला, "बाई, तुमचं खरं राहिलं. आमचं वर्ष गेलं."

"व्हय," बाई म्हणाल्या. "गेलं." त्याच्याकडं बघतच म्हणाल्या. स्वतःची बाजू मांडली नाही, समजूतही घातली नाही. दत्ता निघून गेला तो परत त्यांना भेटला नाही. बाईंनी पुण्यातल्या मान्यताप्राप्त वर्गात आमच्यासाठी खेटे घातले. मला जागा मिळाली, पण पहिल्यापासून शिकावं लागलं. वर्ष गेल्याचा राग मलाही होता. पुण्यात रोज अनोळखी माणसं माझ्यापुढं येऊन बसू लागली, आणि तो हळूहळू ओसरला.

काही वर्षांनी, पदविका मिळवून मी सोलापूरला गेले आणि बाळीवेशीत त्यांच्या खोलीवर गेले. बाई वाळल्या होत्या. त्यांनी कडक भाकरी, शेंगाचटणी पुढं ठेवली. मी खात असताना त्यांनी मध्येच विचारलं, "तुझी पदविका मान्यतेची हाय न्हवं?"

"हो, बाई."

"मग खाऊन झालं की बस जरा. मला बोलायचंय. इतकी वर्षं कुणापुढं बोलावं तेच कळंना."

त्या बोलू लागल्या. वर्ग बंद झाला तरी त्यांची नोकरी त्याच कॉलेजात होती. समितीच्या त्या दिवसानंतर स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. चहाचा ट्रे त्यांच्यापर्यंत येईतो संपायचा. पुढं त्या ग्रंथालयामागच्या पायरीवर डबा खायला लागल्या. दत्ता एकदा नव्या पेठेत दिसला, तर यांनीच रस्ता बदलला. "त्यानं वळख दाखवली नसती तर? ते सोसलं नसतं गं." मग त्या कन्नडमध्ये बोलू लागल्या. मला फारसं कळत नव्हतं. त्यांनाही ते ठाऊक होतं, तरी त्या थांबल्या नाहीत. मी फक्त त्यांच्याकडं पाहत राहिले.

उन्हं उतरली तशा त्या गप्प झाल्या. पदरानं तोंड पुसलं, माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

"जा आता. गाडी चुकंल."

मी पिशवी खाली ठेवली, आणि गाडी चुकवली.