माझ्या फोनात दुसऱ्याचं खातं

"फोन हाड हय," भाटकार म्हणाला.

भाटकार म्हणजे जमिनीचा मालक. त्याच्या सोप्यावर, पुढच्या पडवीत, चार पाहुणे बसले होते. माझ्या हातात चहाचा ट्रे. मी तो टेबलावर ठेवला, पदराला हात पुसले आणि कमरेला खोवलेला फोन काढून दिला. का मागतोय ते विचारलं नाही. पंधरा वर्षांत त्या घरात मी काहीच विचारलं नव्हतं.

फोन उघडेना. मी आकडे दाबून दिले तरी पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं. भाटकार पाहुण्यांकडे वळला.

"बघा, फोन पण हिच्यासारखोच. हाक मारल्यार अर्ध्या तासान येतलो."

सगळे हसले. एकाला तर चहाचा ठसका लागला. आणि मीही हसले. तेच मला अजून गिळता येत नाही. मीही थोडंसं हसले.

फोन उघडल्यावर तो सरळ फोटोंत गेला. शोधायला लागलं नाही. काय आहे ते माहीत असल्यासारखा.

"हे कसले फोटो?"

"घरपट्टीच्या पावत्यो."

"कोणाच्या घराच्यो?"

मी टेबलावरचा ट्रे सरळ केला.

"मंगळवारी पेडण्याक मामलेदाराच्या कचेरीत कित्याक गेल्लंस?"

हे त्याला कुणी सांगितलं? तो एकेक पावती पाहुण्यांना दाखवायचा आणि पुसून टाकायचा. तांदळातले खडे वेचावेत तसा, सावकाश. मध्येच माझ्या नवऱ्याचा फोटो आला. म्हापशाच्या हॉस्पिटलातला, खाटेवरचा, शेवटचा. तो त्यानं पुसला नाही. शेजारच्या पाहुण्याच्या हातात फोन दिला.

"हो हिचो घोव. बरो माणूस. कधी कागद काढूक नाय."

मग फोन माझ्याकडे सरकवला. "जा. दुसरी च्या कर, ही निवली."

मी चहा केला. साखर बरोबर घातली. हात थरथरत नव्हते, याचाच मला राग आला.

आम्ही मुंडकार. म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं. घर आमचं, जमीन त्याची. माझ्या सासऱ्यांनी त्याच्या बागेत माडाला पाणी घातलं, नवऱ्यानं काजू गोळा केले, मी त्याच्या घरी भांडी घासली, स्वयंपाक केला. माझं माहेर लाटंबार्शाचं. लग्न होऊन पेडणे तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा सासूनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, भाटकाराच्या दारात मान वर करायची नाही. मी केली नाही. त्याला आयुष्यभर 'तुम्ही' म्हटलं. इथे लिहिताना म्हणणार नाही.

कायद्यानं मुंडकाराला घराखालची जमीन आपल्या नावावर करून घेता येते. मला हे नवरा गेल्यावर कळलं. कळलं तेव्हा भीतीच वाटली. घर अजून सासऱ्यांच्या नावावर. अर्ध्या घरात मी, अर्ध्यात माझी जाऊ. तीही विधवा. काजूच्या कारखान्यात बिया फोडते, तिची बोटं कायम काळी. एका दुपारी आम्ही दोघींनी पेटीतल्या जुन्या पावत्या उन्हात पसरल्या. दमटपणानं कागद चिकटले होते, कडा वाळवीनं खाल्लेल्या. तिनं कोपरे दाबून धरले, मी फोटो काढले. मग मी एकटी बसनं पेडण्याला गेले, कचेरीतल्या बाईला विचारलं काय काय कागद लागतात. ती नीट बोलली. भिंतीवर यादी लावली होती, तिचाही फोटो काढला. संध्याकाळी जावेला सांगितलं.

दुसऱ्या कुणालाच नाही. म्हणून सोप्यावरून घरी येताना माझ्या डोक्यात एकच नाव होतं.

ती अंगणात केर काढत होती.

"भाटकाराक कोणी सांगलां?"

"काय?"

"तू सांगलंस. तुझ्याशिवाय कोणाक म्हायत नाय."

तिनं झाडू खाली ठेवला. "माझा घर नाय ता? मी कित्याक सांगतलंय?"

मी आणखी बरंच बोलले. भाटकाराची माणसं शब्द टाकून तुला कारखान्यात मुकादमीण करणार असतील. तुला वेगळी खोली देणार असतील. सुचेल ते. ती आत गेली आणि तिच्या अर्ध्या घराचं दार लावून घेतलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. विहिरीवर ती आली की मी थांबायची, मी असले की ती परत जायची.

मग मला सगळ्यांचाच संशय यायला लागला. बसच्या कंडक्टरचा. कचेरीतल्या बाईचा. पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचाही. तो भाटकाराकडे आधी जातो आणि मग आमच्याकडे येतो, एवढ्यावरून. रस्त्यात कुणी दोघं बोलताना दिसले की वाटायचं, माझंच चाललंय.

फोन आता फारच मंद झाला. कुणाचा फोन आला की वाजायचा, पण उचलता येईना. कमरेला निखारा खोवल्यासारखा तापायचा. पेडण्याच्या बाजारात एका दुरुस्तीवाल्याला दाखवला. त्यानं उघडलासुद्धा नाही.

"जुनो झालो, मावशे. नवो घे."

वयनीबाय म्हणजे भाटकाराची सून. तिचं माहेर फोंड्याचं, साफ मराठी बोलणारी. फोन तिचाच जुना. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या चवथीला दरवर्षीचं लुगडं दिलं नाही, त्याऐवजी हा दिला होता. "आमच्याकडे पडूनच आहे, तुला होईल," म्हणाली होती. मी खूश झाले होते. आता स्वयंपाकघरात माझा फोन अडकतोय हे बघून तिनं हातातली सुरी खाली ठेवली.

"टाक तो. मी तुला नवीन देते."

सोप्यावर मला उभं केलं त्या दिवशी ही दारात उभी होती. तिनं काही म्हटलं नव्हतं. आज नवीन फोन द्यायला निघाली. का?

"नको," मी म्हटलं. "चलतलो अजून."

त्या घरात कशालाही 'नको' म्हणण्याची माझी ती पहिलीच वेळ. मलाच ऐकून विचित्र वाटलं.

रविवारी मला दुपारनंतर सुट्टी. पायरीवर बसले, चष्मा लावला. आठवीपर्यंत मराठी शाळेत शिकलेय मी. फोन सगळा इंग्रजीत होता, म्हणून मी त्याला कधी हात घातला नव्हता. फोन लावायचा, घ्यायचा, फोटो काढायचा. बस. त्या दिवशी चक्राच्या चित्रावर दाबत दाबत भाषेपर्यंत पोचले आणि मराठी केली. फोन बराच वेळ अडकला. मग सगळी अक्षरं माझी झाली. 'साठवण'. 'बॅटरी'. 'खाती'. मी वाचू शकत होते. दोन वर्षं हातात होता आणि मी तो वाचलाच नव्हता.

साठवण भरलेली. आधी सकाळची फुलं आणि देवांची चित्रं पुसली, कोण कोण पाठवतं ती. मग माझ्या कामाची नाहीत ती ॲप काढली. वयनीबायच्या वेळचे खेळ, खरेदीची दुकानं. बंद करून चालू केला. थोडा हलका झाला. पण तापायचा थांबेना.

मग बॅटरीवर दाबलं. कोण किती खातंय ते तिथे लिहिलं होतं. सगळ्यात वर फोटोंचं एक ॲप. मी महिन्यात दहा फोटो काढते. एवढं काय खातंय हे? मी फोटो दुसरीकडे बघायची, हे ॲप कधी उघडलंच नव्हतं. उघडलं.

पहिलाच फोटो भाटकाराच्या जेवणाच्या टेबलाचा. आदल्या दिवशीचा. सुंगटाची, कोळंबीची कढी मीच केली होती, मी ओळखली. पण तो फोटो मी काढलेला नव्हता. खाली वयनीबाय बहिणीबरोबर. वयनीबाय देवळात. तिचे सगळे फोटो. माझ्या फोनात. कालपर्यंतचे.

मी वर वर सरकवत गेले. आणि मध्ये पावत्या.

भाटकारानं माझ्या डोळ्यांदेखत पुसलेल्या पावत्या. जावेची काळी बोटं कोपऱ्यावर. कचेरीच्या भिंतीवरची यादी. सगळं तिथे होतं. कोपऱ्यात एक गोल, त्यात वयनीबायच्या नावाचं पहिलं अक्षर. खाली लिहिलेलं: 'बॅकअप चालू आहे'.

तिचं माझ्याकडे येत होतं. म्हणजे माझं तिच्याकडे जात होतं. मी काढलेला प्रत्येक फोटो. आजारी नवरा. माझ्या पाठीवरचा फोड, जो डॉक्टरला दाखवायला काढला होता. तोही.

फोन पायरीवर पालथा ठेवला. अंगणाच्या कडेला जाऊन बसले.

तरी मी लगेच विश्वास ठेवला नाही. जावेच्या बाबतीत एकदा चुकले होते. वहीचं पान फाडलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं: बुधवार, दहा वाजता, म्हापसा, वकील. त्याचा फोटो काढला. पान चुलीत घातलं. कुणाला बोलले नाही. वकील वगैरे कुणी नव्हताच.

मंगळवारी मी सोपा पुसत होते. भाटकार पेपर वाचत होता. पेपर खाली न करता म्हणाला, "म्हापशाचे सगळे वकील माझ्या वळखीचे. फुकट बसभाडां घालू नको."

मी फडका पिळला. पुसणं पूर्ण केलं. आत जाऊन हात धुतले आणि फोन घेऊन परत आले. वयनीबायला हाक मारली. ती आली.

"वयनीबाय, ह्या फोनात तुमचां खातां आसा. माझे फोटो तुमका दिसतत."

"अगं, काढायचं विसरले असेन मी."

"विसरलात ता बरोबर. पण बघूक विसरूक नाय."

ती सासऱ्याकडे बघायला लागली.

"मी वकिलाक भेटणार नव्हतंय," मी म्हटलं. "कागदावर लिवलंय, फोटो काढलंय. कोणाक सांगूक नाय. तुम्ही वाचलात."

भाटकारानं पेपर खाली ठेवला. "फोन आमचो. परत दी."

"त्या वर्साचा लुगडां देवा, मगे दितंय."

मी हे बोलले. माझाच आवाज होता.

वयनीबाय घाईनं आत गेली आणि एक डबा घेऊन आली. नवा फोन. आधीच आणून ठेवलेला. माझ्यापुढे धरला. "हे बघ, भांडण नको. हा घे, तो देऊन टाक. त्यात काही राहिलेलं नाही."

"ह्यात कोणाचां खातां घातलात?"

तिनं डबा मागे घेतला. मी त्या दोघांसमोर जुना फोन उघडला. अडकला. या वेळी कुणी हसलं नाही. थांबले. ते दोघंही थांबले. 'खाती' वर गेले, तिचं नाव दाबलं, 'खाते काढून टाका'. फोननं विचारलं, नक्की का? मी मोठ्यानं वाचलं आणि 'हो' दाबलं.

"उद्यापासून येव नको," भाटकार म्हणाला.

"येणारच नाय."

संध्याकाळी जावेचं दार वाजवलं. सगळं सांगितलं. ती उंबऱ्यावर बसून ऐकत होती, नखांतला काळा चीक खरवडत. मी म्हटलं, माझं चुकलं.

"माझ्यार संशय घेऊक तुका एक दीस लागूक नाय," ती म्हणाली. "त्येंच्यार घेऊक दोन म्हयने लागले."

खरं होतं. ज्याच्या हातात सगळं होतं त्याच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. माझ्यासारख्याच फाटक्या बाईवर मात्र लगेच आलं. हे मला कुणी शिकवलं? सासूनं? तिला कुणी? मान खाली असली की समोर फक्त शेजारणीचे पाय दिसतात.

तिनं मला अजून माफ केलेलं नाही. विहिरीवर बोलते, कामापुरतं. पण पावत्यांची पेटी घेऊन ती माझ्याबरोबर पेडण्याला आली आणि अर्जावर दोघींची नावं घातली. तिनं अंगठा दिला नाही. काळ्या बोटांनी सही केली.

फोन त्याच दुरुस्तीवाल्याकडे नेला. मी सांगितलं, नवा घ्यायचा नाही, ह्याची बॅटरी बदल आणि आतून पूर्ण कोरा कर, मी समोर बसून बघणार. त्यानं केलं. मी माझ्या नावाचं खातं उघडलं, परवलीचा शब्द स्वतः घातला, कुणाला दाखवला नाही. फोन अजूनही थोडा मंद आहे. चालतो. मी आता एका हॉटेलात भाकऱ्या भाजते. तिथे मालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं, हे एक ॲप फोनात घाल. मी विचारलं, कशाला, काय काय बघतं ते? तो म्हणाला, सगळ्यांनी घातलंय. मी म्हटलं, मी वाचून बघते, मग सांगते. वाचलं. नाही घातलं.

वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या बायका आता दुपारी फोन घेऊन येतात. कुणाला मुलानं दिलेला, कुणाला मालकिणीनं. मी प्रत्येकीला आधी भाषा बदलायला लावते. स्वतः वाच म्हणते, मी वाचून दाखवणार नाही.

भाटकारानं आमच्या अर्जावर हरकत घेतलीय. वकील दिलाय. त्याचा माणूस दोनदा येऊन गेला, मिटवून टाक म्हणाला, घर राहू दे तसंच, कागद कशाला. जावेनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. तारखा पडतील. तो लांबवेल, त्याच्याकडे वेळ आहे. आम्हाला दर तारखेला एका दिवसाचं काम सोडावं लागेल. सोडू. दोघींपैकी एक मेली तर दुसरी जाईल. ज्या जमिनीवर माझ्या सासूनं मान खाली घालून जन्म काढला, ती जमीन मी दया म्हणून घेणार नाही. कायद्यानं घेणार, आणि तो समोर बसलेला असताना घेणार.