कोपरा फाडलेलं कार्ड

हे मी अजून कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिला तर मी बाजारात कुठल्या गाड्यावर भजी खाल्ली हेसुद्धा माझ्या तोंडाकडे बघून कळतं. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून बहुधा सांगता येईल. बघू, कुठपर्यंत जमतं ते.

पिंपळगाव राजात माझं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. पोट त्यावर चालतं. पण आसपासच्या गावांत लोक मला ओळखतात ते जुन्या कागदांचा माणूस म्हणून. एसटीची जुनी तिकिटं, तंबूतल्या सिनेमाच्या जाहिराती, कापसाच्या जिनिंगमधल्या पावत्या, गुलाबी कागदावरच्या लग्नपत्रिका, आणि सगळ्यांत जास्त पोस्टकार्डं. कुणी घर पाडायला काढलं की मला निरोप येतो. बायको म्हणते, "रद्दीवाला तरी विकते बाप्पा, तुमी तं तेबी नाई." मी हसण्यावारी नेतो. खरं सांगू? मला या कागदांचा फार अभिमान होता. अजूनही थोडा उरलाय, आणि त्याचीच मला जास्त किळस येते.

आता एक गोष्ट आधी समजावून द्यायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पूर्वी आमच्याकडे मरणाची बातमी कळवायची तर कार्डाचा एक कोपरा फाडून ते टपालात टाकायचे. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही हातात पडताच समजायचं. असं कार्ड उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. दारातच वाचून घ्यायचं, फाडून टाकायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं. बाकीची पत्रं भिंतीवरच्या तारेत ओवून वर्षानुवर्षं ठेवायचे — मरणाचं मात्र एकही नाही. म्हणजे अशी कार्डं घरोघरी आली, आणि उरलं एकही नाही. माझ्यासारख्या माणसाच्या जिवाला घोर लावायला एवढं पुरेसं असतं. मी कुठे कुठे विचारत हिंडलो म्हणून सांगू! एका म्हातारीनं तर "भरल्या घरात काय बोलून राह्यला बे?" म्हणत मला ओसरीवरूनच वाटेला लावलं.

मग एकदा अकोल्याला, जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात, एका बड्या संग्राहकानं चारचौघांत मला विचारलं, तुमच्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड आहे का हो? आणि मी म्हणालो, आहे की, पुढच्या वेळी आणतो. काय गरज होती? कुणी गळ्यावर सुरी ठेवली होती का? पण खेड्यातला दुकानदार, आजूबाजूला इस्त्रीचे सदरे, आणि सगळे माझ्याकडे बघतायत — मारली बढाई.

आता पंचफुलाकाकू आणि गयाकाकूंबद्दल सांगायला हवं. मी मघापासून टाळतोय.

दोघी सख्ख्या जावा. गयाकाकू थोरली, पंचफुलाकाकू धाकटी. दोघींचे नवरे गेलेले, मुलं पुण्याकडे कामाला. एका घरात, एका चुलीवर. गावालगतच्या वाडीत वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावायच्या आणि आठवडी बाजारात माझ्या दुकानासमोर एकाच पोत्यावर मांडी घालून बसायच्या. दिवसभर भांडायच्या — वांगी स्वस्तात का दिली, माप का जास्त घातलं — आणि दुपारी एकाच फडक्यातली भाकर खायच्या. त्यांनी घराची कौलं उतरवून पत्रे टाकले तेव्हा मला बोलावलं आणि गयाकाकूंनी त्यांच्या खोलीतली तार माझ्या हातात दिली. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. घरात आलेलं प्रत्येक कार्ड त्याच वाचून दाखवायच्या आणि त्याच तारेत ओवायच्या. पंचफुलाकाकूंना अक्षर येत नाही.

तारेतली बरीचशी कार्डं पंचफुलाकाकूंच्या भावाची, बीबी गावाहून आलेली. तो कापूस तोलायच्या कामावर होता. ओली केली की जांभळी उमटते ती पेन्सिल कायम त्याच्या कानामागे, आणि बहिणीला कार्डही त्याच पेन्सिलीनं. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. हे सगळं मला गयाकाकूंनीच सांगितलं, चहा पिता पिता. आणि आणखी एक सांगितलं. पंचफुलाकाकूंची आई गेली तेव्हा भावानं कार्ड टाकलं होतं, पण ते पोचलंच नाही. दिवाळीला भाऊ न्यायला आला तेव्हा या बाईला कळलं की आई पावसाळ्यातच गेली. "टपालवाल्याचं वाट्टोयं होवो," गयाकाकू म्हणाल्या, "आठ दिवस मी इले पोटाशी धरून निजली, बाबू. घास खाये ना." पंचफुलाकाकू शेजारी बसून नुसती मान हलवत होत्या.

म्हणजे मला हे माहीत होतं. ऐकलं होतं, चहा पीत पीत. हे ध्यानात ठेवा, कारण मी ते ध्यानात ठेवलं नाही — किंवा ठेवलं, आणि तरीही केलं. यातलं खरं कुठलं हे मलाच नक्की सांगता येत नाही.

त्या तारेत एक कार्ड होतं, कौलातून गळलेल्या पाण्यानं भिजलेलं. सगळी अक्षरं विरघळून जांभळा डाग झालेला. काही वाचता येत नव्हतं, म्हणजे कुणी खोटं पाडू शकणार नव्हतं. फक्त वरच्या उजव्या कोपऱ्यात, जिथे पाणी पोचलं नव्हतं, तिथे गाव आणि साल स्पष्ट होतं. तोच कोपरा मी फाडला. मागच्या बाजूचं छापील तिकीट पलीकडच्या कोपऱ्यात, ते शाबूत राहिलं; त्यावरचा टपालाचा शिक्का पाण्यानं कधीच पुसला होता. फाडल्यावर ती कड पांढरीशुभ्र दिसायला लागली, तर चहाच्या पाण्यात बोट बुडवून तिच्यावरून फिरवलं. नव्या मूर्तीला जुनं करून विकणारे लोक असतात ना — तसा.

अकोल्याला नेण्याआधी गावातच शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन लावलं. ते कार्ड मधोमध, काचेखाली. खाली चिठ्ठी: मयतीचं कार्ड, दुर्मीळ. या बायका काही येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. भाजी विकणाऱ्या बायका कागद बघायला कशाला येतील? पण पंचफुलाकाकू आल्या. बाजार आटोपून, रिकामी टोपली काखेत मारून, भावाची कार्डं लावलीत म्हणून बघायला आल्या. आणि मी त्याच वेळी सरपंचांना मोठ्या आवाजात समजावून सांगत होतो, असा कोपरा म्हणजे घरचं माणूस गेल्याची खूण.

त्या काचेवर वाकल्या. जांभळ्या डागावरून काचेवरूनच बोट फिरवलं.

"हे तं माह्या भावाचं हाये," त्या म्हणाल्या. कुणाशी म्हणाल्या कळलं नाही. मग माझ्याकडे वळून, "हे त्या तारीतलंच ना, बाबू?"

मी मान हलवली. हो म्हणून.

काय समजल्या त्या, हे तुम्हाला सांगायला नको. आईच्या मरणाचं कार्ड आलं होतं. गयानं वाचलं होतं. वाडीत कामाचे दिवस, हात कमी पडतील, म्हणून दडवलं होतं — आणि वर पोटाशी धरून निजली होती. त्यांच्या चेहऱ्यावर हे एकेक करून उमटताना मी पाहिलं. सरपंच शेजारी उभे होते. मास्तर होते. मी म्हणालो, या इकडे, सिनेमाच्या जाहिराती बघा.

पण माझा गुन्हा हा नव्हे. म्हणजे हाही आहेच. पण जो सांगायला बसलो तो दुसऱ्या दिवशीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाकाकू दुकानात आल्या. मागोमाग पंचफुलाकाकू, पण चार हात लांब, पायरीखाली उभ्या. बाकावर दोघं-तिघं शेतकरी चहा पीत बसलेले. गयाकाकूंचे डोळे सुजले होते. तरी त्या रडल्या नाहीत, सरळ मुद्द्याचं बोलल्या.

"तुले कागदाचं समजते, बाबू. तूच सांग इले. मरणाचं कार्ड कोणी घरात ठेवते का? तारीले लावते का कोणी?"

किती साधी गोष्ट होती! बाई शंभर टक्के खरं बोलत होती. दडवायचं असतं तर तिनं ते चुलीत घातलं असतं, भिंतीवर टांगून कशाला ठेवलं असतं? एवढं जरी बोललो असतो तरी भागलं असतं. स्वतःचं नावही घ्यायला लागलं नसतं. आणि घ्यायचंच ठरवलं असतं तर तो कोपरा तिथेच होता — गल्ल्याच्या खणात, माझ्या गुडघ्याला लागून. मी तो टाकला नव्हता. माझ्यासारखी माणसं काहीच टाकत नाहीत. त्यावर साल होतं, आणि ते पंचफुलाकाकूंची आई गेली त्याच्या कितीतरी नंतरचं होतं. काढून समोर ठेवला असता तर पायरीखालची बाई वर आली असती, दोघी एकमेकींना चार शिव्या देऊन घरी गेल्या असत्या, आणि मला दहा.

मी बाकावरच्या माणसांकडे बघितलं. मग म्हणालो, "आता काय सांगावं, काकू. लावतबी असतीन एखांद्या घरी."

झालं. एवढंच बोललो.

गयाकाकू माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं त्यांना कळलं. कसं कळलं ते माहीत नाही, पण कळलं. त्या फक्त "हाव, बाबू" म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या. पंचफुलाकाकू बाजूला सरकल्या, पदराचा स्पर्श होऊ नये एवढ्या.

त्या घरात त्याच आठवड्यात दोन चुली झाल्या. बाजारात एक या टोकाला बसायला लागली, दुसरी त्या टोकाला, आणि दोघींच्याही ढिगातली वांगी दिसतात माझ्याच गल्ल्यावरून. अकोल्यात त्या कार्डाचं फार कौतुक झालं. त्या बड्या माणसानं भिंग लावून कड तपासली आणि माझा हात हातात घेऊन हलवला. मीही हलवला.

गयाकाकू गेल्या उन्हाळ्यात वारल्या. शेवटी शेवटी त्या धाकटीला हाका मारत होत्या म्हणतात. पंचफुलाकाकू भिंतीपलीकडे मेथी निवडत बसल्या होत्या. तोंडात पाणी घालायला गेल्या नाहीत. मातीला मी गेलो होतो. पुढे उभा होतो.

आता तुम्ही म्हणाल, अजून तर सांगता येईल ना, पंचफुलाकाकू आहेत. आहेत. मीही स्वतःला समजावतो की आता सांगून त्या म्हाताऱ्या जिवाला काय मिळणार, उलट आपण कुणाला विनाकारण तहानेलं मरू दिलं हे कळून ती झुरून जाईल. चांगलं वाटतं हे ऐकायला. पण दुकानात त्या दिवशी मला कुणाची कीव आली नव्हती. चहा पिणारी दोन-तीन माणसं हसतील एवढीच भीती होती. तीच अजून आहे.

आणि एक राहिलं. तेव्हापासून पंचफुलाकाकू दर बाजारच्या दिवशी, टोपली उतरवण्याआधी, माझ्या दुकानाची पायरी चढतात. पहिल्या तोडीची वांगी निवडून काउंटरवर ठेवतात. पैसे घेत नाहीत. पहिल्यांदा मी नको नको म्हणालो तर म्हणाल्या, "असू दे. तुह्यामुळं मले खरं समजलं, बाबू. नाई तं तशीच मेली असती मी."

आज बाजार होता. आजही ठेवून गेल्या. बायकोनं भरली वांगी केली होती. मी दोन वेळा मागून घेतली.