गवती चहाच्या तेलात कापूर

रिपोर्टवर कापूर दिसला आणि मी चष्मा काढून पुसला. गवती चहाच्या तेलात एवढा कापूर? नमुना परत मशीनमध्ये घातला. या मशीनला आम्ही जीसी म्हणतो. ते तेलातले घटक वेगळे करून कागदावर प्रत्येकाचा उंचवटा काढतं. कापराचा उंचवटा पुन्हा तसाच आला.

साजगावच्या आमच्या कंपनीत तेलं तपासायचं काम माझं. हे तेल पळसदरीच्या वरच्या वाडीतल्या बायकांच्या गटाचं. त्यांची पहिलीच मोठी बॅच, आणि त्यांना ट्रेनिंग दिलेलं मीच.

परचेसचे साहेब म्हणाले, सरळ भेसळ आहे, गटाला ब्लॅकलिस्ट करा. ब्लॅकलिस्ट म्हणजे वाडीची तेल काढायची भट्टी कायमची बंद, कारण त्यांचं तेल घेणारे आम्ही एकटेच. खरं सांगते, माझंही डोकं फिरलं होतं. माझ्या हाताखाली शिकून मलाच फसवतात? तरी सही करायच्या आधी एकदा बघून येते म्हटलं.

मी पोचले तेव्हा गटप्रमुख हिराबाई भट्टीची टाकी भरत होती. टाकीत सुकवलेलं गवत दाबून भरायचं, खालून वाफ सोडायची. वाफेबरोबर तेल निघतं. अशा एका भरणीला घाणा म्हणतात. मी मुद्दाम गप्प उभी राहिले. गवत भरलं सगळं सांगितल्याप्रमाणे. झाकण लावायच्या आधी हिराबाईने कमरेच्या पिशवीतून कापराच्या वड्या काढल्या, कपाळाला लावल्या आणि गवतावर ठेवल्या. माझ्यासमोर!

"हिराबाई, हे कुणी शिकवलं?"

"तुमीच की मॅडम. उद्घाटनाला तुमीच ठेवला व्हता आत. तवापासून एक बी घाणा बिनकापराचा काढला नाय आमी."

मग आठवलं. उद्घाटनाच्या दिवशी वारा होता. आरतीचा कापूर सारखा विझत होता, पाहुण्यांना घाई. वैतागून मी तो अर्धवट जळलेला कापूर टाकीतल्या गवतावर ठेवला आणि झाकण लावा म्हटलं. ते तेल छोट्या बाटल्यांतून पाहुण्यांना वाटलं. तपासलं कोणी? मी तर नाहीच.

तिथूनच साहेबांना फोन लावला.

"कापूर कोणी टाकला कळलं का?"

"मी, सर."

ते म्हणाले, ऑफिसला या.

ऑफिसात जे ऐकायचं ते ऐकलं. गट वाचला. ती बॅच फरशी पुसायचं लिक्विड बनवणाऱ्याने घेतली. हिराबाई आता कापूर भट्टीपासून लांब, उंबऱ्यावर लावते. आणि मी ट्रेनिंगला गेले, की हात मागे बांधून उभी राहते.