चुलीवरच्या कणसांतला पतंग

तुमच्या घरी पिठात जाळी धरणारा पतंग दिसतो, तो हा नव्हे. मी सांगते तो ज्वारीतला. बसला की वाळक्या कोंड्याचा कण वाटतो: तांदळाच्या दाण्याएवढा, पिवळट, किंचित चकाकणारा. खात्री करायची तर भिंगाखाली मागचा पंख पाहावा. त्याचं टोक बोटासारखं निमुळतं असतं आणि कडेला लांब केसांची झालर असते. तो जाळी करत नाही. अळी दाण्याच्या आत राहते, म्हणून दाणा बाहेरून धडधाकट दिसतो.

इंझोरीला माझे सासरे दरवर्षी बियाण्यासाठी निवडक कणसं जुड्या बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगत. रोजच्या धुराने त्यांना कीड लागत नसे. ते वाण त्यांनी स्वतः निवडून जपलेलं. गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

एका चैत्रात ते गेले. सुतकात आमच्याकडे चूल पेटत नाही, जेवण भाऊबंदांकडून येतं. धूर थांबला आणि थोड्याच दिवसांत जुड्यांभोवती हे पतंग भिरभिरू लागले.

"नुसता निंबाचा पाला जाळू का?" मी आत्याबाईंना, म्हणजे सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीला, विचारलं.

"सुतकात धूर? लोक काय म्हनतीन वं? तू विंग्रजी शिकली न, मंग त्यायले विंग्रजीत सांग, जा म्हना!"

"मग जुड्या उतरवून उन्हात टाकते."

तेव्हा सासूबाई कोपऱ्यातून बोलल्या, "हात नको लावू, माय. त्यायनं बांधल्या हायेत."

मी येता-जाता वर पाहत राहिले.

सुतक फिटलं, चूल पेटली. पण अळ्या दाण्यांत शिरल्या होत्या. तिथे धूर पोचत नाही. वैशाख सरता सरता दाण्यांवर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसू लागली.

पेरणीआधी सासूबाईंनी स्वतःच जुड्या उतरवायला सांगितल्या. मूठभर दाणे परातीतल्या पाण्यात टाकले. सगळे तरंगले. त्यांनी ते बोटाने खाली दाबले. बोट काढलं की वर.

"दुसरी जुडी आन."

मी आणली. मग आणखी एक. शेवटच्या जुडीतले काही दाणे तेवढे बुडाले. ते त्यांनी तळहातावर घेतले.

"एवढ्यानं वावर पेरल्या जाते का वं?"

त्या वर्षी आमच्या शेतात कामरगावहून आणलेली ज्वारी उभी राहिली. हुरड्याच्या दिवसांत मी सासूबाईंपुढे वाटी ठेवली. त्यांनी एक दाणाही तोंडात घातला नाही.