गूळ-पाणी दिलं कुणी?

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. म्हणूनच हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतोय.

बदनापूरच्या पुढे, मोसंबीच्या बागेत आमचं शेतघर आहे. सासूबाई — आम्ही त्यांना आईच म्हणतो — तिथेच राहायच्या. गेल्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर जवळ हवेत म्हणून त्यांना जालन्याच्या फ्लॅटवर आणलं. आणि घर बंद राहून खराब व्हायला नको म्हणून मी ते पाहुण्यांसाठी ॲपवर टाकलं.

नव्या जागेला चांगले रिव्ह्यू नसले की कुणी ढुंकून बघत नाही. मग काय, मी पाहुण्यांच्या हात धुऊन मागे लागले! निघताना गाडीत पिशवीभर मोसंबी, वर गोडगोड मेसेज — ‘दोन ओळी नक्की लिहा हं!’

लोक लिहायला लागले. मोसंबीबद्दल कमी, ‘गूळ-पाणी देणाऱ्या आजीं’बद्दलच जास्त. मला वाटलं, राखणदार दत्ताभाऊची बायको असेल. मी लगेच जाहिरातीत ‘गूळ-पाण्याने स्वागत’ टाकलं आणि कौतुक करायला दत्ताभाऊला फोन लावला.

“वहिनी, बायको तं कवाच टेंभुर्णीला माहेरी गेल्ती,” तो म्हणाला. “मी कुलूप काढून देतो अन् बागेत जातो. मला वाटलं, तुम्हीच कोणाला ठेवलं!”

तेव्हापासून माझं कशातच लक्ष लागेना... आणि मग एका जोडप्याचा रिव्ह्यू आला. ‘आजी म्हणाल्या, आधी बसा, उभ्यानं पाणी पिऊ नये. डाव्या हातानं देते, राग मानू नका.’

‘आधी बसा’ हे आईंचं वाक्य. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मलाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. डाव्या हातानं त्या कधी कुणाला सुपारीसुद्धा द्यायच्या नाहीत. पण आता त्यांचा तेवढाच हात चालतो.

नवऱ्याला दाखवलं. “शेजारच्या मळ्यातली कोणी म्हातारी असंल,” तो म्हणाला. “रेटिंग वाढून राह्यलं ना? मंग बस की!”

मी शेजारच्या मळ्यांत विचारून आले. अशी कुणी नाही.

परवा ऑफिसात फोन उघडला तर दोनच स्टार. ‘गूळ-पाण्याचं लिहिलंय, पण रविवारी कुणीही आलं नाही.’ रविवारी आईंना सणकून ताप होता, दिवसभर डोळे उघडले नव्हते. त्या दिवशी सकाळी जरा बऱ्या होत्या म्हणून मी कामाला आले होते... मी पर्स उचलली आणि जी निघाले ती थेट घरी.

आई जाग्या होत्या, दाराकडे बघत होत्या. मला रडू फुटलं. काही सुचेना म्हणून वाटीत गूळ आणि तांब्याभर पाणी घेऊन त्यांच्यापुढे गेले. त्यांनी डावा हात हळूहळू उचलला... तांब्याकडे नाही, खुर्चीकडे. मी बसेपर्यंत तो खाली आला नाही. मग त्यांनीच वाटी माझ्याकडे सरकवली.

याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. जाहिरातीतली ती ओळ काढायला माझा हात धजत नाही. आजींचं कौतुक आलं की छातीत धस्स होतं, आणि नाही आलं की मी आधी आईंच्या कपाळाला हात लावून बघते.