माहेरचं नाव

"माहेरचं नाव काय, बाई?"

ऑपरेशन थिएटरकडे स्ट्रेचर नेताना आमच्या रुग्णालयातली आया, सगळ्यांची मावशी, हे हमखास विचारायची. स्ट्रेचरवरच्या बाईचा जीव आधीच टांगणीला लागलेला. त्यात ही कुठलं माहेर काढते, म्हणून काही जणी चिडायच्या. पण उत्तर मिळाल्याशिवाय मावशी लिफ्टचं बटण दाबत नसे.

कारण नंतर कळायचं. भूल उतरताना एखादी म्हातारी काही केल्या डोळे उघडत नसे. सिस्टर गालावर थापट्या मारून "सुमनबेन, ओ सुमनबेन" करून थकायच्या. मग मावशी पदर खोचून तिच्या कानाशी वाकायची. "ए शेवंते, ऊठ गं, शाळेची वेळ झाली." म्हातारी डोळे मिटल्या मिटल्याच म्हणायची, "आले." शेवंता जन्मात कधी शाळेत गेली होती की नाही, देव जाणे. सुरुवातीला हसणारे भूलतज्ज्ञ पुढे स्वतःच मावशीला शोधू लागले, "मासी क्यां छे?"

"डॉक्टर लोक पोट उघडतात," मावशी मला सांगायची, "माणूस तर मीच उठवते ने, ताई."

बडोद्याच्या सयाजीगंज भागातल्या एका खाजगी रुग्णालयात मी सरकारी योजनेच्या खिडकीवर बसते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही आणि मावशीचंही नाही. तिची तर दोन नावं होती आणि सगळं घोडं तिथेच अडलं.

तुम्ही कधी योजनेचं कार्ड घेऊन अशा खिडकीसमोर ताटकळला असाल तर आमचं काम तुम्हाला ठाऊक असेल. कार्ड बघायचं, अंगठा घ्यायचा, वरून मंजुरी मागवायची. ती आली की ऑपरेशनला पैसे पडत नाहीत. योजना वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकते. एरवी मंगळसूत्र मोडावं लागलं असतं अशा कितीतरी बाया माझ्या डोळ्यांदेखत बऱ्या होऊन घरी गेल्या आहेत.

पण आपल्यात लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहितात. आमच्या बडोद्यातल्या जुन्या मराठी बायकांचे निम्मे कागद त्या तांदळांच्या आधीचे आणि निम्मे नंतरचे. माझ्या शेजारी बसणारे गुजराती भाई दोन कागद समोर ठेवून म्हणायचे, "बेन, आ तो बे जुदी बाई छे." या दोन वेगळ्या बाया, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणायचे, "एक ज छे, भाई. लग्न पछी नाम बदलायुं." पूर्वी आमच्या रुग्णालयाने तसं पत्र दिलं की भागत असे. मावशी रांगेतल्या मराठी बायकांना आधीच हेरून माझ्याकडे आणायची. "ताई, ही सुमन आहे, पण शेवंता पण आहे हं. पत्र लिहून टाका ने."

मग वरून सूचना आली. पत्र चालणार नाही. योजनेच्या कार्डासाठी रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव संगणक स्वतः जुळवेल. जुळलं नाही तर नाव बदलल्याची राजपत्रात नोंद हवी. खोट्या कार्डांवर पैसे उकळणारेही होतेच, तेव्हा सूचनेत चूक काढायला मला तोंड नव्हतं.

मावशी नंदुरबारकडे दिलेली. नवरा लवकर गेला, तेव्हा भाऊ तिला पाणीगेटला आपल्या घरी घेऊन आला. बहिणीचं सासरचं नाव त्याच्या तोंडात कधी बसलंच नाही. रेशनकार्डात त्याने तिचं लहानपणचं नाव घातलं. मतदार ओळखपत्र सासरचं होतं आणि आधार त्यावरून निघालं. भाऊ पुढे वारला. मावशी वीसेक वर्षं आमच्याकडे होती, पण कायम ठेकेदाराच्या हाताखाली. ठेकेदार बदलत, मावशी तीच राही.

गेल्या वर्षी तिच्या पोटात दुखू लागलं. आमच्याच सर्जननी सोनोग्राफी करवली. पित्ताशयात खडे निघाले. "मासी, एक दिवसाचं काम आहे," ते म्हणाले. "तुम्हीच तर इतक्या जणींना वर घेऊन आलात. फक्त लांबवू नका."

ती कागद घेऊन आली. आतून येऊ शकली असती, पण सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहिली. संगणकाने सांगितलं, या दोन वेगळ्या बाया आहेत. मावशी आधी हसली. "बघा, मी दोघींचं काम करते ते सरकारला पण कळलं!"

रुग्णालयाची सवलत कायम नोकरांना, ती मावशीला लागू नव्हती. ठेकेदाराने तिचा विमा भरलेलाच नव्हता. आम्ही वर्गणी काढायचं ठरवलं, तर तिला ते झोंबलं. "माझं नाव रेशनकार्डात आहे, ताई. हक्काचं आहे ते. वर्गणी कशाला?"

मग तिने विचारलं, "सरकारी दवाखान्यात जाऊ का? तिथे कार्डाचं एवढं नाही म्हणतात."

आणि मी म्हणाले, "तिथल्या गर्दीत कशाला जाता? इथे आपले डॉक्टर आहेत, आपली माणसं आहेत. पंधरा दिवसांत कार्ड करून देते मी."

हे वाक्य माझं आहे. ते मी सरकारच्या किंवा ठेकेदाराच्या माथी मारू शकत नाही. आपल्या रुग्णालयाचा मला अभिमान होता आणि तिथल्या माझ्या वटाचाही. मावशी म्हणाली, "तुम्ही म्हणता तर थांबते."

पंधरा दिवसांचा महिना झाला, मग दुसरा लागला. प्रतिज्ञापत्र केलं, ते पुरेना. राजपत्राचा अर्ज परत आला, कारण लग्नाचा दाखला नव्हता. गावातल्या मांडवात लागलेल्या लग्नाचा दाखला कुठून आणायचा? मी फोन करत राहिले, स्मरणपत्रं पाठवत राहिले. मावशी कामावर येत राहिली. दोन स्ट्रेचरांच्या मधल्या वेळात ती माझ्या खिडकीसमोरच्या बाकावर बसायची, गरम पाण्याची बाटली पोटाशी धरून. मी मान वर केली की भुवया उंचावून विचारायची. मी मान हलवली की गुडघ्यावर हात टेकून उठायची आणि कामाला लागायची.

याच दिवसांत पित्ताशयाच्या खड्यांचीच एक बाई आली. तिचे कागद सरळ होते, दुसऱ्या दिवशी मंजुरी आली. मावशीनेच तिला वर नेलं, शुद्धीवर आणलं, खाली आणलं. मग मुद्दाम खिडकीशी येऊन सांगून गेली, "चांगलं झालं हो तिचं." ती चिडली असती, मला चार शब्द सुनावले असते, तर मला बरं वाटलं असतं.

एका सकाळी ती आली नाही. तिच्या शेजारणीचा फोन आला. पहाटे उलट्या आणि ताप, अंग थरथरत होतं; रुग्णवाहिकेने सरकारी दवाखान्यात नेलं होतं. मी पोहोचले तेव्हा तिला आत घेतलेलं होतं. पित्ताशय फुटून विष पोटभर पसरलं होतं. तिथे त्यांनी एकही कागद मागितला नव्हता, सरळ उपचार सुरू केले होते. पण फार उशीर झाला होता. दुपारी मावशी गेली. मी तिथल्या पायऱ्यांवर बसून रडले आणि येणारेजाणारे मला वळसा घालून जात राहिले.

चार दिवसांनी संगणक तिच्या अर्जाची आठवण करून देऊ लागला. प्रलंबित अर्ज बंद करायला कारण निवडावं लागतं. यादीत 'मृत्यू' होतं. ते निवडलं तर मंजूर कार्डाचा क्रमांक मागितला. 'उपचार अन्यत्र' निवडलं तर तिथला डिस्चार्जचा कागद मागितला. शेजारचे भाई माझ्या पडद्याकडे पाहत होते. एकच कारण असं होतं, ज्याला कसलाही कागद लागत नव्हता. मी ते निवडलं: 'रुग्ण हजर राहिला नाही.'

संगणकाने ते लगेच मंजूर केलं.