ताणावरची संत्री

आमच्या अमरावतीच्या कोर्टातले एक वकील पाणी पिण्यासाठी प्रसिद्ध होते. उलटतपासणीत साक्षीदार अडखळला की ते शिपायाकडून तांब्या मागवत, घोटघोट पीत बसत आणि मधेच म्हणत, "आठव बापा, सावकाश." तोवर साक्षीदाराला दरदरून घाम फुटे. मी त्यांच्या हाताखाली शिकत होतो, पण ही युक्ती मला कधी आवडली नाही.

एका वैशाखात त्यांनी मला वरूडजवळची आपली बाग पाहायला नेलं. विहिरीवर मोट चालली होती. मोगरा फुलला होता, केळी आणि आमराई हिरवीगार होती. मधली संत्र्याची झाडं मात्र मलूल उभी होती, पानं मुडपलेली. मृगात बहार भरगच्च यावा म्हणून त्यांचं पाणी तोडलं होतं. बागाईतदार याला ताण देणं म्हणतात.

कोर्ट दणाणून सोडणारा तो माणूस त्या झाडांतून फिरताना अगदी हळू बोलत होता. सदरा घामानं पाठीला चिकटला होता. बांधावर टेकलो, तेव्हा गड्यानं विहिरीच्या गार पाण्याचा तांब्या आणला. त्यांनी तो माझ्याकडे सरकवला.

"तुम्ही नाही घेत?"

"यायले तहानेनं ठेवलं, अन् यायच्याच पुढं मी पेऊ?" संत्र्यांकडे हात करून ते म्हणाले. "तू पाहुना हायेस. पे बापा, सावकाश."

घसा कोरडा पडला होता. मी तांब्या उचलला, झाडांकडे पाठ केली आणि घाईघाईनं प्यालो.